उंबऱ्यामागं एक माणूस

आय, आपल्या गच्चीवरून आता खाडी दिसत नाही. इमारती दिसतात, आणि त्यांच्या मागं आणखी इमारती. वाशीला जायचं तर दारात रिक्षा आहे, नाक्यावर बस आहे, जरा पाय मोकळे केले की स्टेशन आहे. खालच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी कॉलेजातली पोरगी मोबाइलवर बोट फिरवते आणि तिच्यासाठी गाडी थेट गल्लीत येऊन उभी राहते. परवा त्या गाडीला थोडा उशीर झाला, तर पाय आपटत मला म्हणते, ‘आंटी, इथे काही कनेक्टिव्हिटीच नाही, खूप टेन्शन येतं.’ मी तिच्याकडे बघतच राहिले. बोलले काही नाही, कारण एकदा तोंड उघडलं असतं तर तिचं पहिलं लेक्चर गेलंच असतं, दुसरंही गेलं असतं. मला ओळखतेसच तू. पण तेव्हापासून तू काही डोक्यातून हलत नाहीस. भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या करताना, सोसायटीवाल्यांशी पाण्यावरून भांडताना, मध्येच येऊन उभी राहतेस. म्हटलं, लिहूनच टाकावं.

त्या पोरीला मी सांगणार तरी कुठून? हे सगळं पाणी होतं म्हणून सांगू? गाव म्हणजे दगडमातीच्या उंचवट्यावर दाटीनं बसलेली घरं, आणि चारी बाजूंना खार जमीन. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा लांबच लांब बांध, त्याच्या अलीकडे भात, पलीकडे खाडी, आणि एका अंगाला मिठागरं. गावाबाहेर जायचं तर बांधावरून. पावसाळ्यात तोही निसरडा. मोठ्या रस्त्यापर्यंत पोचायचं म्हणजे अर्धी सकाळ, आणि तिथं गाडी मिळाली तर मिळाली. मुंबईला जाणारे मचव्यात बसून पलीकडं उतरायचे, तेही भरती-ओहोटीच्या मर्जीनं. शेजारच्या काकीच्या सुनेला बाळंतपणात खाटेवर घालून बांधावरून नेलं होतं, ते तुझ्यासोबत मीही पाहिलंय. सून वाचली. बाळ राहिलं नाही. गावात माणसं किती, असं कुणी विचारलं तर कुणी आकडा सांगायचं नाही. किती उंबरे ते सांगायचे. उंबऱ्याच्या आत किती डोकी आहेत याच्याशी गावाला कर्तव्य नव्हतं.

मग खाडीवर पूल झाला आणि वाशीला नव्या शहराच्या इमारती उठल्या. तू डोक्यावर पाटी घेऊन, भेंडी नाहीतर सुकट घेऊन, बांधावरून तिकडे चालत जायला लागलीस. पहिल्यांदा जाऊन आलीस त्या दिवशी चुलीपुढं बसून तू बाबांना जे सांगत होतीस ते मला अजून आठवतंय. भाकरी थापता थापता तुझे हात मध्येच थांबत होते. ‘घरावर घर हाय, त्याचेवर घर हाय. एकाच जिन्यावर आपलं अर्दं गाव ऱ्हातंय. आनी कोन कोनाला वलखत नाय.’ बाबा म्हणाले, ‘मंग निजतान कशी?’ तू म्हणालीस, ‘तेच तं मी एका बाईला इचारलं. ती हसली.’ मी हे ऐकतेय आणि मला वाटतंय की माझी आय चंद्रावर जाऊन आलीय. त्या इमारतींतल्या बायका तुझ्याकडून भाजी घ्यायच्या, आणि त्यांच्या पोरी पाठीला दप्तर लावून जिना उतरायच्या. तू त्या पोरींकडं बघत राहायचीस. हे तू सांगितलं नाहीस कधी. मी एकदा तुझ्याबरोबर पाटी घेऊन आले होते, तेव्हा मला दिसलं.

आपल्या गावची शाळा सातवीपर्यंत. आठवीला वाशीची शाळा. मुलगे जायचे बांधावरून, चिखलात पाय घालत. पोरी सातवी झाली की पाटी उचलायच्या. मी सातवीत गेले त्या वर्षी बाबा म्हणाले, ‘फुडं शिकाची इच्छा हाय तं शिकव. पन माजी पोर एकली बांदावरून येनार नाय. गावात गारी आली तं जाईल, नाय तं नाय.’ मिठागरावर राबणारा माणूस, दिवसभरात चार वाक्यं बोलायचा, आणि एक बोलला की तो बांध झाला. तू वाद घातला नाहीस. गाडी गावात येणं म्हणजे त्या काळी काय होतं, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. तोंडावर नाही म्हणायला नको म्हणून त्यांनी असं म्हटलं, असं मला तेव्हा वाटलं. आजही तसंच वाटतं. आणि मी शिकणार की पाटी उचलणार हे त्या न आलेल्या गाडीवर येऊन ठेपलं.

गंमत म्हणजे रस्ता आपोआप आला. नव्या शहराच्या भरणीसाठी मुरुमाचे ट्रक जायला लागले, आणि त्यांनी मोठ्या रस्त्यापासून आपल्या वेशीजवळून जाणारी एक लाल वाट पाडली. गावकीचे पाटीलबाबा चार माणसं घेऊन डेपोत गेले. तिथले साहेब म्हणाले, तुमचं गाव केवढंसं, गाडीचं डिझेलही निघणार नाही. पाटीलबाबा परत परत गेले. शेवटी कंटाळून म्हणा, दया येऊन म्हणा, त्यांनी सांगितलं की पावसाळ्यापर्यंत गाडी पाठवून बघू, माणसं बसली तर ठेवू. ती पहिल्यांदा आली तेव्हा आपण काय केलं ते त्या खालच्या पोरीला सांगितलं तर तिला खोटं वाटेल. बायकांनी गाडीच्या पुढच्या चाकांवर पाणी घातलं, काचेखाली हळदकुंकू लावलं, नव्या नवरीला ओवाळतात तसं ओवाळलं. ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघांना पाटीलबाबांच्या ओटीवर बसवून तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण जेवू घातलं. कंडक्टर घाटावरचा, बोनकोड्यात खोली घेऊन राहायचा, त्यानं कोलंबी कधी खाल्ली नव्हती. त्यानं खाल्ली. आणि शेजारची काकी गाडीत चढताना चपला खाली काढून ठेवून चढली, ती वाशीला जाऊन अनवाणी परत आली.

आठवडाभर मजा चालली, मग गाडी रिकामी धावायला लागली. धावणारच. कुणाला कुठं जायचंच नव्हतं. पुरुष मिठागरावर नाहीतर शेतात, आणि खाडीत जाणाऱ्याला गाडी काय कामाची? ज्यांना वाशीला जायचं होतं त्या पाटीवाल्या बायका, तर ओल्या मासळीची पाटी कंडक्टर गाडीत घेईना. सकाळी गाडी यायची, वेशीवर थांबायची, धूळ खाली बसेपर्यंत उभी राहायची आणि जायची. एक दिवस कंडक्टरनं तुला सांगितलं, ‘मावशी, हे असंच चाललं तर बंद होईल बघा. वरून विचारणा झालीय.’ तू घरी आलीस, पाटी उतरवलीस, आणि पाणीही न पिता चुलीपुढं बसलीस. मी विचारलं काय झालं. म्हणालीस, ‘काय नाय. खांड परलीय.’

खांड म्हणजे काय हे मला सांगावं लागत नव्हतं, पण त्या खालच्या पोरीला सांगावं लागेल. उधाणाच्या भरतीला बांध कुठंतरी फुटतो आणि खारं पाणी शेतात घुसतं, ती खांड. मग आरोळी होते, आणि हातातलं काम टाकून उंबऱ्यामागं एक माणूस बांधावर जातो. ज्याचं शेत बुडतंय तोही, ज्याचं तिथं शेतच नाही तोही. कुणी विचारत नाही माझा काय संबंध. जो उंबरा माणूस देत नाही त्याच्याकडं गाव पुढं वर्षभर पाहत नाही. तर आय, त्या संध्याकाळी गावकी बसली होती देवळापुढं आणि तू तिथं जाऊन उभी राहिलीस. बाया गावकीत बोलत नसत. बाबांनी मान खाली घातली ती वर केली नाही. तू पदर डोक्यावरून घेतलास आणि म्हणालीस, ‘बांदाला खांड परली का उंबऱ्यामागं मानूस देतांव ना? मंग गारीला पन द्या. रोज थोरे उंबरे, पाली लावून. कोनाला काम नसलं तरी बसाचं. वाशीला जावाचं नी यावाचं. पोरांची शाला सुरू होईपरयंत.’ कुणीतरी हसलं. पाटीलबाबा हसले नाहीत. म्हातारा सुपारी कातरता कातरता म्हणाला, ‘बाय बोलतेय ती खरी हाय.’ झालं. गावाचा कायदा झाला.

मी आता साठी ओलांडली, कचेरीत नोकरी करून निवृत्त झाले, किती मिटिंगा पाहिल्या, किती प्लॅन पाहिले. पण अख्खं गाव काहीही काम नसताना पाळी लावून बसमध्ये बसतंय, हे मी पुन्हा कुठं पाहिलं नाही. कुणी घरचे तांदूळ विकून तिकीट काढायचं, कुणी अंडी. पाटीलबाबा धोतर नेसून, काठी घेऊन खिडकीशी बसायचे, वाशीला उतरून त्याच गाडीत मागच्या दारानं चढायचे आणि परत यायचे. कंडक्टर विचारायचा, ‘बाबा, काय काम होतं वाशीला?’ ते म्हणायचे, ‘हेच.’ काकी तर एवढी रुळली की ती वाशीच्या स्टँडवर इतर गावच्या बायकांशी भांडण काढायची, आणि दुसऱ्या पाळीला ते भांडण पुढं चालू करायची. मिठागरावरचे गडी उन्हानं करपलेले, ते गाडीत बसले की लगेच झोपायचे. त्यांच्यासाठी ती सुट्टीच होती. मला मात्र प्रत्येक दिवशी गाडी वेशीवर आली की आत किती डोकी आहेत ते बघायची सवय लागली होती. जास्त दिसली की भूक लागायची, कमी दिसली की जेवण जायचं नाही.

आणि तू. तुझ्या उंबऱ्याची पाळी असो वा नसो, तू रोज बसायचीस. आणि तुला गाडी लागायची. नुसती मळमळ नव्हे, चांगली लागायची. मोठ्या रस्त्याच्या वळणावर गाडी चढली की तुझा चेहरा राखेसारखा व्हायचा, आणि मग तू खिडकीतून बाहेर. वाशीला उतरलीस की स्टँडच्या नळावर तोंड धुवायचीस, सुकटीची कोरडी पाटी डोक्यावर घ्यायचीस आणि इमारतींचे जिने चढायला लागायचीस. परत येतानाही तेच. एकदा बाबांनी सांगितलं, ‘पाली हाय त्या दिशी जा ना. रोज कशाला मराला जातेस?’ तू लसूण सोलत होतीस. वर न बघता म्हणालीस, ‘पाली चुकली कोनाची तं? खांडीवर पयला मानूस गेला का बाकीची जातान.’ बांधावर कुणाला बोलवायचं असलं तरी आधी एकानं चिखलात उतरायचं असतं, हे तुला कुणी शिकवलं मला माहीत नाही. आजीनं शिकवलं नसणार, ती तर मचव्यालाही घाबरायची.

उन्हाळा लागता लागता निरोप आला की डेपोचे साहेब स्वतः गाडीत बसून येणार, वाशीपासून गावापर्यंत, माणसं किती बसतात ते बघायला. गावात लगबग उडाली. साहेब येणार म्हणजे गावचा पाहुणा येणार. पाहुण्याला वेशीवर घ्यायला जायची आपली रीत, आणि तिथंही उंबऱ्यामागं एक माणूस लागतो. कमी पडलो तर गावाची अब्रू जाते. साहेबांना आपलं गाव लहान वाटायला नको म्हणून दुसऱ्या गावांत दिलेल्या लेकीही बोलावल्या, अगदी पार दिवाळे गावच्या कोळीवाड्यात सून म्हणून गेलेलीसुद्धा पोर काखेला मारून आली. जत्रेला येतात तशा सगळ्या आल्या. आंब्याची पानं बांधली, ढोलकीवाला आला, माझ्या हातात ओवाळायचं ताट दिलं. सकाळपासून सगळा गाव नवीन लुगडी, धुतलेली धोतरं नेसून वेशीवर. मीही उभी आहे, केस चापूनचोपून बांधलेले, आणि उन्हात ताट तापतंय.

आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही. अगं, एवढं मोठं गाव, एवढी शहाणी माणसं, कुणाच्याच डोक्यात आलं नाही की सगळे वेशीवर उभे राहिले तर गाडीत कोण बसणार? ज्या उंबऱ्यांची त्या दिवशी पाळी होती त्यांनी मनाशी म्हटलं, आज साहेब येतोय, वेशीवर आपला माणूस नको का? आणि प्रत्येकाला वाटलं की गाडीचं दुसरे कुणीतरी बघतील. धूळ दिसली. ढोलकी सुरू झाली. गाडी जवळ आली आणि खिडक्या दिसायला लागल्या, एक रिकामी, दुसरी रिकामी, तिसरी रिकामी. ढोलकीवाल्याचा हात आपोआप मंदावला आणि थांबला. पाटीलबाबांनी काठी घट्ट धरली. मी सातवी पास होणार होते आणि माझ्या डोळ्यांसमोर पाटी होती.

शेवटच्या खिडकीत तू होतीस, पहाटेच बांधावरून चालत वाशी गाठून तिथून बसलेली. डोकं बाहेर, पदर तोंडाला, डोळे मिटलेले. सगळ्या गाडीत तू एकटी, आणि तुझ्या मागच्या बाकावर साहेब, हातात स्वतःचा रुमाल तुझ्यापुढं धरून बसलेले. गाडी थांबली. तू उतरलीस, दांड्याला धरून क्षणभर उभी राहिलीस, तोंड पुसलंस आणि मग तुला तो सगळा गाव दिसला. नवी लुगडी, ढोलकी, आंब्याची पानं, ताट धरलेली मी. साहेब तुझ्या मागून उतरले. ते तुझ्या कानाशी बोलल्यासारखं म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं, ‘बाई, मगाशी तुम्ही म्हणालात गावात माणसं आहेत. ही सगळी तुमच्याच गावची का?’ तू म्हणालीस, ‘आमचीच हान. तुमाला बगाला उभी ऱ्हायलीन, म्हनून गारीत नाय.’ आणि मग तू गावाकडं वळलीस. तसा आवाज मी तुझा कधी ऐकला नव्हता, पुढंही ऐकला नाही. ओरडली नाहीस. उलट आवाज खाली आला होता. ‘खांड परली का बांदावर जातांव का येशीवर? पाहुना पानी आरवनार हाय? ही पोर उभी हाय ताट घेऊन. तिला मी काय सांगू?’

पाटीलबाबा पुढं झाले. मला वाटलं साहेबांना हार घालतील. ते साहेबांच्या बाजूनं सरळ पुढं गेले, काठी टेकत पायरी चढले आणि खिडकीशी जाऊन बसले. मग काकी, या वेळी चपलांसकट. मग मिठागरावरचे गडी, मग लेकी, त्यांच्या काखेतली पोरं, ढोलकीवाला ढोलकीसकट. बाबा चढले. माझे बाबा, ज्यांनी तोपर्यंत त्या गाडीत पाय ठेवला नव्हता आणि आपली पाळी तुलाच देऊन टाकली होती, ते माझ्या हाताला धरून चढले, ताटातलं निरांजन तसंच. कंडक्टर दारात उभा राहून ‘आता जागा नाय, आता जागा नाय’ म्हणतोय आणि हसतोय, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी. साहेब शेवटी चढले तेव्हा त्यांना उभं राहायला लागलं. काकीनं त्यांना बसायला सांगितलं नाही. तू मात्र परत चढलीस. तुला खिडकी दिली कुणीतरी. आणि मोठ्या रस्त्याच्या वळणावर गाडी चढली तसं तू पुन्हा डोकं बाहेर काढलंस, आणि मी पाहिलं की सगळी गाडी तुझ्याकडं बघत होती आणि कुणी तोंड फिरवलं नाही. मी तेव्हा लहान होते, मला एवढंच कळलं की मी काहीतरी फार मोठं बघतेय. आता मोठी झाले, तरी त्याहून जास्त कळलेलं नाही.

वाशीला उतरल्यावर साहेबांनी तुला विचारलं, मी बाजूलाच होते. ‘बाई, खरं सांगा. उद्या एवढी माणसं बसतील?’ दुसरं कुणीही असतं तर हो म्हणालं असतं. पाटीलबाबांनी तर तोंड उघडलंही होतं. तू म्हणालीस, ‘नाय. उद्या येवरी नाय. पन एक तरी आसल.’ साहेबांनी तुझ्याकडं बघितलं, त्या ओल्या पदराकडं बघितलं. ते घाटावरचे, बोलणं मोजकं. ‘शाळा सुरू होईपर्यंत चालू ठेवतो,’ म्हणाले, ‘मग पोरं बसतील तुमची.’ आणि रुमाल परत न मागता निघून गेले. मी पुढं आयुष्यभर कचेरीत बसले, माझ्यापुढंही माणसं आली अशी काही मागायला. त्यांच्यापुढं असताना मला नेहमी हे आठवलं की साहेबांना त्या दिवशी सगळं नाटक समजलं होतं, आणि तरी त्यांनी एका माणसावर गाडी ठेवली.

जूनमध्ये मी आठवीत गेले. पहिल्या दिवशी तू मला वेशीपर्यंत सोडायला आलीस. माझ्याबरोबर आणखी तिघीजणी होत्या, आणि मुलगे, सगळे बांधावरचे आता गाडीत. मी खिडकीची जागा धरली आणि शेजारी तुझ्यासाठी दप्तर ठेवलं. तू चढलीच नाहीस. खालूनच म्हणालीस, ‘मी कशाला? आता तू हायस ना गारीत.’ आणि पाटी डोक्यावर घेऊन बांधाच्या वाटेला लागलीस. मला आधी कळेना. गाडी हलली, मी मान वळवून बघत राहिले, तू पावसातून चालली होतीस आणि तुझी चाल इतकी मोकळी, इतकी सुखाची मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. त्यानंतर तू त्या गाडीत कधी बसली नाहीस. वाशीला मोठा बाजार आला, इमारती आपल्या भातात आल्या, बांध भरणीखाली गेला, गाड्या वाढल्या, तरी तू चालतच गेलीस. शेवटी दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हासुद्धा म्हणालीस, चालत नेता येतंय का बघा. आणि रेल्वे यायच्या आधीच गेलीस.

आज इथं एका इमारतीत आपल्या गावापेक्षा जास्त माणसं राहतात, आणि त्यांच्यासाठी गाड्या एकामागोमाग एक येत असतात, भरलेल्या. कुणाला पाळी लावावी लागत नाही. मी नाक्यावर उभी राहून हे बघते तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो, दर वेळी. एवढं सगळं पाणी होतं आणि त्यातून चालत जाणारी तू होतीस. लोक म्हणतात हे शहर सरकारनं वसवलं. वसवलं असेल. मी शिकले, माझ्यामागं गावच्या सगळ्या पोरी शिकल्या, त्यांच्या पोरी आता कुठं कुठं पोचल्यात, त्या वाटेचं पहिलं तिकीट कुणी काढलं ते मला माहीत आहे.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, आणि पाठवणार तरी कुठं? तुला वाचता येत नव्हतं, आय. तू असतीस तर समोर बसून मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मग शेवटचं हे एक वाक्य मी गाळलं असतं, जसं शाळेतून आल्यावर रोज तू ‘कसा झाला परवास’ विचारायचीस तेव्हा गाळायचे. पहिल्या दिवसापासून, त्याच वळणावर, दहावीपर्यंत आणि कॉलेजातही, मला पण गाडी लागायची.